मूठभर फट

रविवार, २३ जुलै १९७८. सेलू.
सकाळी ढग, दुपारी ऊन. शाळेला सुट्टी. मुंजाजींबरोबर गॅरेजवर गेले. शेवरलेटची पुढची दोन्ही मडगार्डं चढली. डावं धरून उभी असताना अंगठ्याला पत्रा लागला, हळद भरली. व्यंकटराव शेठ येऊन बघून गेले, खूश दिसले. संध्याकाळी शेपूची भाजी, भाकरी. रॉकेल संपत आलं आहे.

मनकर्णाची डायरी अशीच असे. तिचे वडील हैदराबादेत एका कॉन्व्हेंटच्या बागेत माळी होते. माळ्याची मुलगी चुणचुणीत दिसली म्हणून तिथल्या सिस्टरांनी तिला फी न घेता वर्गात बसवलं. रोज संध्याकाळी वही काढायची, तारीख घालायची आणि दिवसात जे घडलं ते लिहायचं, ही तिथली शिस्त. जे वाटलं ते लिहायचं नाही, ते देवाला सांगायचं. पुढे छप्पन साली घरात बुद्धवंदना आली, देव गेला, आणि वाटलेलं सांगायला कुणी उरलं नाही. घडलेलं लिहायची सवय मात्र हाडात भिनली होती.

ती सेलूच्या प्राथमिक शाळेत शिकवायची आणि नवरा पत्रा ठोकायचा. लोकांना हे जोडपं अजब वाटे. इंग्रजी कविता तोंडपाठ असलेली बाई, आणि सही करताना जीभ बाहेर काढणारा मिस्त्री. मुंजाजीला स्वतःलाही त्याची गंमत वाटे. गल्लीतली पोरं तिला 'बाई' म्हणत, म्हणून तोही घरात 'बाई'च म्हणे. जेवायला बसला की ताटाकडे बघून विचारायचा, "बाई, आजच्या भाकरीला किती मार्क द्यायचे?"

"तुम्ही आधी हात धुवून या. काळे हात घेऊन परीक्षा घेतात का?"

त्याचं गाव सेलूपासून काही कोसांवर, दुधनेच्या अंगाला होतं. आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून आईनं, तानुबाईनं, पिंपळाखालच्या मुंजाला नवस केला, आणि हे पोर वाचलं तेव्हा त्याचंच नाव ठेवलं. पुढे नवस सुटला, मुंजाही सुटला, नाव तेवढं राहिलं. बाप लवकर गेला. मुंजाजी परभणीला स्टेशनाजवळच्या गॅरेजात एका उस्तादाच्या हाताखाली लागला. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत त्याला बाक आणायचा, हे काम. घाईनं मारला की पत्रा ताणतो आणि टोपीसारखा टुक-टुक वाजत राहतो. उस्ताद म्हणायचा, "बेटा, लोहे को मारना नहीं, मनाना." मुंजाजी पत्र्याची मनधरणी करायला शिकला, पण दिवसभर त्या आवाजात राहून त्याचा उजवा कान गेला. डावा निम्मा उरला. त्याच्याशी बोलायचं तर डाव्या अंगाला बसावं लागे, आणि इंजिन चालू असेल तर तिथे बसूनही उपयोग नसे. मग मनकर्णा त्याच्या दंडाला हात लावे. हात लागला की तो मान वळवून तिच्या ओठांकडे बघे.

आता मूठभर फटीचं सांगायला हवं. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि पावसात तीच माती चाकाला लागली की सुटत नाही. थरावर थर चढतो. बैलगाडीला मडगार्ड नसतं, म्हणून ती कुरकुरत का होईना निघते. मोटारीच्या चाकावर पत्र्याचं छप्पर असतं, त्यात माती दाबून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. म्हणून इकडचे जुने मिस्त्री मडगार्ड बसवलं की चाकावरून मूठ फिरवून बघत. मूठ अडकली तर खाली लाकडाच्या चकत्या आणि जादा वायसर घालून मडगार्ड वर उचलायचं. त्यानं गाडी जरा बावळट दिसे, लुगडं वर खोचून चिखलातून निघालेल्या बाईसारखी. पण घरी पोचे.

मुंजाजीनं आयुष्यभर बसवलेल्या मडगार्डांत मूठ फिरली. एकाच गाडीत फिरली नाही.

ती गाडी म्हणजे व्यंकटराव शेठची शेवरलेट पिकअप. निजामाच्या राज्यात त्यांच्या वडिलांनी कापसाच्या जिनसाठी घेतलेली. मागे माल ठेवायचा हौदा, पुढे दोघांपुरती केबिन, आणि पुढच्या चाकांवर बदकाच्या पाठीसारखी फुगीर, गोल मडगार्डं. वडील गेल्यावर गाडी जिनच्या मागे सरकीच्या ढिगाशेजारी गंजत पडली होती. शेठच्या मनात आलं, यंदा मुहूर्ताचा कापूस बापाच्या गाडीतूनच जिनमध्ये आणायचा. त्यांनी एक जुना फोटो मुंजाजीच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, अशीच पायजे. बाप आत बसलेला न्हाई एवढाच फरक."

मुंजाजी त्या गाडीच्या प्रेमात पडला. खालचा गंजलेला भाग कापून त्यानं नवा पत्रा जोडला, लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. घरी जेवताना त्याची बोटं ताटाच्या काठावरून त्या मडगार्डाचा बाक फिरवत राहत. त्या रविवारी मडगार्डं चढवताना दुसरं माणूस हवं होतं, म्हणून मनकर्णा गेली. तिनं डावं मडगार्ड पोटाशी धरून उभं राहायचं आणि त्यानं आतून बोल्ट लावायचे.

"हालू नका बाई. प्रार्थनेला उभ्या राहता तशा राव्हा."

"प्रार्थनेला एवढं वजन धरत नाहीत."

आधी सगळे बोल्ट नुसते अडकवायचे, कुठलाच आवळायचा नाही. मग बोनेटची रेघ, दाराची फट, फूटबोर्डाचं टोक हे सगळं जुळवत एकेक आवळत जायचं. पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून मधे रबराची पट्टी. शेवटचा बोल्ट आवळला आणि मुंजाजी लांब जाऊन उभा राहिला. मडगार्ड चाकाला अगदी बिलगून बसलं होतं, हुबेहूब फोटोतल्यासारखं.

मनकर्णानं विचारलं, "मूठ नाही बघितली?"

त्यानं ऐकलं होतं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. मग म्हणाला, "ही काय रानात जानार हाय का? जिनपासून पेठेपतुर, सगळी डांबरी. म्हातारपनी हिला लुगडं खोचायला लावू का?"

ती हसली. तिलाही गाडी तशीच आवडली होती.

पुढच्या गुरुवारी बातमी आली की औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं. वस्तीत लोक एकमेकांच्या घरी गेले, कुणी गूळ वाटला. शुक्रवारपासून गूळ वाटणारे हात घरात गेले. आज इकडे नामांतराच्या विरोधात मोर्चा, उद्या तिकडे वस्तीवर दगड. एसटी बंद झाली, गाड्यांचा भरवसा राहिला नाही, शाळेला कुलूप लागलं. खेड्यांतून येणाऱ्या बातम्या लोक कुजबुजत सांगत, आणि सांगताना गावाचं नाव आलं की ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी उठून भिंतीला टेकून बसे. मनकर्णानं त्या आठवड्यात डायरीत लिहिलं ते एवढंच: पाऊस, डाळ, शाळा बंद.

शुक्रवारी, चार ऑगस्टला सकाळी, सिताराम आला. तो मुंजाजीच्या गावचा, त्यांच्याच वस्तीतला. रानारानानं पावसात चालत आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पाणी पिताना तांब्या दातांवर वाजत होता.

"समदे निगाले," तो म्हणाला. "कुनी परभनीला, कुनी उसात. पाटलाच्या रानातल्या आखाड्यावर बैठक झाली म्हन्त्यात काल. आज वस्तीवर येनार हायत."

मुंजाजीनं विचारलं, "माय?"

"म्हातारी हलंना. मी हात धरला तर मला काठी दावली."

मुंजाजी उठला. चपला घालून व्यंकटराव शेठकडे गेला. मनकर्णा मागोमाग गेली, कारण त्याला नीट ऐकू आलं नाही तर काय, ही भीती. शेठ जिनच्या ओट्यावर एकटेच बसले होते. मुंजाजीनं गाडीची ट्रायल घ्यायची आहे असं सांगितलं. शेठनी त्याच्याकडे बघितलं, मग मनकर्णाकडे, मग रस्त्याकडे.

"ट्रायल घे. कुठं जायलास ते मला सांगू नको. मी इचारलं न्हाई, तू सांगितलं न्हाई."

मुंजाजीनं हँडल मारून इंजिन चालू केलं. मनकर्णा शेजारी जाऊन बसली तेव्हा तो म्हणाला, "तुमी नका येऊ."

"तुम्हाला मागून कुणी हाक मारली तर ऐकणार कोण?"

त्यानं खाली उतरून पुढच्या चाकाकडे एकदा बघितलं. चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटंही जात नव्हती. तो म्हणाला, "डांबरीनं जायचं, डांबरीनं यायचं. वस्तीपाशी मुरूम हाय, तिथं चिखल न्हाई." हे तो तिला सांगत होता की स्वतःला, ते तिला समजलं नाही.

गावच्या फाट्यावर बाभूळ आडवी पाडलेली होती. झाडाच्या बुंध्यावर माणसं बसली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात सळई. एक म्हातारा नुसताच बिडी ओढत होता. गाडी थांबली तसा सळईवाला उजव्या खिडकीशी आला.

"कुनाची गाडी?"

मुंजाजी समोर बघत होता. उजवा कान, त्यात इंजिन. त्याला प्रश्न पोचलाच नाही.

"ए! तुला इचारायलोय!" सळई दारावर आपटली.

मनकर्णानं त्याच्या दंडाला हात लावला. तो वळला. ती सळईवाल्यालाच म्हणाली, "त्यांना त्या कानानं ऐकू येत नाही."

तिची ती शहरी, धुतल्यासारखी भाषा ऐकून तो जरा मागे सरला. "बाई कुठल्या?"

"व्यंकटराव शेठच्या जिनची गाडी हाय," मुंजाजी आता बोलला. "ट्रायल घ्यायलोय. बाई शेठच्या घरच्या."

मनकर्णानं पदर डोक्यावर ओढला आणि मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. बोटं इतकी दाबली की नखं पांढरी पडली. बिडीवाला म्हातारा उठून गाडीभोवती फिरला. त्यानं डाव्या मडगार्डावरून प्रेमानं हात फिरवला.

"लहानपनी पाह्यली व्हती ही गाडी. काय बसवलंय राव! जसं कंपनीतूनच आलंय."

आणि मुंजाजी हसला. त्या माणसांमध्ये, त्या सळईसमोर, कामाचं कौतुक ऐकून त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मनकर्णाला ते हसू पाहून सळईपेक्षाही जास्त भीती वाटली.

बाभूळ बाजूला ओढली गेली. गाडी पुढे निघाली तेव्हा म्हातारा ओरडला, "येताना बी हिकडूनच या! उतरून निवांत बगू!"

वस्ती गावाबाहेर, उताराला. दारं लावलेली, चुली थंड, एक कुत्रं तेवढं गाडीमागे धावलं. तानुबाई उंबऱ्यात सूप घेऊन तूर पाखडत बसली होती, जणू आज रोजचाच दिवस आहे.

"आलास? आन् मास्तरनीला बी आनलंस? शाळा बुडवली का तिची?"

"माय, ऊठ. गाडी चालू हाय."

"मी न्हाई येत. रजाकारात सगळं गाव पळालं, तवा बी मी हितंच व्हते."

"तवा गाव आपल्या संगं व्हतं माय. आता गावच समोर हाय."

तिनं सूप हलवलं. "घर सोडलं का जागा गेली. मग कोन परत देतंय? तुझा शेठ?"

मुंजाजी तिच्या पायाशी बसला, हात जोडले, मग ओरडला, मग पुन्हा हात जोडले. गावातून हलगी वाजल्यासारखा आवाज आला. मनकर्णाला वाटलं, आपल्याच कानात वाजतंय. मुंजाजीला ऐकूच आला नाही. तानुबाईनं ऐकला, पण तिचा हात थांबला नाही. तेव्हा मनकर्णा पुढे झाली, आणि सासूशेजारी उंबऱ्यात, ओल्या जमिनीवर बसली.

"काय करायलीस पोरी? लुगडं भरलं की."

"तुम्ही येत नसाल तर मीही इथंच बसते, आत्याबाई."

"येडी का काय!"

"तूर द्या इकडं. मी खडे काढते."

सूप तिच्या हातात थरथरलं आणि तूर उडून अंगणात पडली. तानुबाईनं त्या हातांकडे बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडे. "भ्यायलीस तू," ती म्हणाली. "लय भ्यायलीस. आन् तरी बसलीस." ती गुडघ्यावर हात देऊन उठली, आत जाऊन एक बोचकं घेऊन आली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

आता फाट्यावरून जाता येणार नव्हतं. म्हातारा निवांत बघायला बसला होता, आणि तानुबाईला तिथलं प्रत्येक माणूस ओळखत होतं. उरली ती नाल्याकडची गाडीवाट, काळ्या रानातून. मुंजाजीनं आईला मागे हौद्यात पोत्यांवर बसवलं, वरून ताडपत्री टाकली, आणि स्टिअरिंगमागे येऊन बसला.

"मूठ ठिवायला पायजे व्हती," तो म्हणाला.

नाल्यापर्यंत गाडी गेली. घोटाभर पाण्यातून पलीकडेही चढली. तिथून पुढे माती चिटकायला लागली. मनकर्णाला आधी फक्त घासल्याचा आवाज आला, जात्यात ओला दाणा गेल्यासारखा. मग स्टिअरिंग जड झालं. मुंजाजी दोन्ही हातांनी ते ओढत होता आणि गाडी सरळच जात होती. मग पुढची चाकं फिरायची थांबली. मागची चाकं गाडीला ढकलत होती आणि पुढची दोन मातीत नांगरासारखी रुतत होती. गाडी थांबली. इंजिन त्यानं बंद केलं नाही. बंद केलं असतं तर पुन्हा लागेलच याची खात्री नव्हती.

तो खाली उतरला, सळी घेऊन मडगार्डाखालची माती उकरू लागला. माती निघायची, आणि बाजूची तिच्या जागी सरकायची. बदकाच्या पाठीसारखं ते सुंदर मडगार्ड खचाखच भरलं होतं. मनकर्णा खाली उतरली. पायातली चप्पल मातीत राहिली, ती तिनं तशीच सोडली. मागे बघितलं. नाल्याच्या पलीकडच्या बांधावरून माणसं येत होती. काही जण घोंगड्या पांघरलेले.

तिनं मुंजाजीच्या दंडाला हात लावला. तो मडगार्डाखाली वाकलेला होता. त्यानं हात झटकला, काम चालू होतं. तिनं पुन्हा लावला. या वेळी त्यानं वर बघितलं. तिनं बांधाकडे हात केला.

मुंजाजीनं पाना घेतला आणि डाव्या मडगार्डाचे बोल्ट सोडू लागला. ज्या क्रमानं लावले होते त्याच्या उलट. हात सवयीनं चालत होते, रबराची पट्टीसुद्धा त्यानं फाटू न देता काढली. मनकर्णा ते बघून मनातल्या मनात किंचाळत होती. मडगार्ड सुटून तिच्या अंगावर आलं. जुना, जाड पत्रा, वर मातीचा भार. तिनं ते कसंबसं मागे ओढलं.

"मुंज्या!" नाल्यापलीकडून हाक आली. "गाडी कुनाची आनली रे? नाव बदलायला निगाला का औरंगाबादला?"

हसण्याचा आवाज. मग पहिला दगड चिखलात पडला. मुंजाजीला हाकही ऐकू आली नाही, दगडही नाही. तो उजव्या बाजूला गेला होता. तिथला पहिला बोल्ट सुटला. दुसऱ्याचा नट मातीत बुडालेला, पाना त्याच्यावर बसेना. त्यानं एकदा, दोनदा बघितलं. मग पाना टाकून दिला, टॉमीची लोखंडी पहार बोनेट आणि मडगार्डाच्या मधे घातली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. पत्रा फाटला. महिनोन्‌महिने मनधरणी केलेला पत्रा असा कर्रर्र करून फाटला की पलीकडची माणसंही क्षणभर गप्प झाली.

दगड आता हौद्याजवळ येऊ लागले. मनकर्णानं डावं मडगार्ड हौद्यात ढकललं, मागोमाग स्वतः चढली आणि ते पालथं करून सासूच्या आणि आपल्या डोक्यावर धरलं. पत्र्याखाली अंधार होता, चिखलाचा आणि नव्या रंगाचा वास. एक दगड वर येऊन आदळला. आवाज दोघींच्या दातांतून गेला.

"बन्सीधर हाय त्यो," तानुबाई म्हणाली. "आवाज वळखते मी."

"बोलू नका आत्याबाई."

पण म्हातारीनं पत्र्याच्या कडेतून मान बाहेर काढली. मनकर्णा तिचा पदर ओढत राहिली.

"ए बन्सीधर! तुझ्या मायचं खुरपं म्या चुलीपाशी ठिवलंय! मागं आणलं व्हतं निंदायला! जळायच्या आदी उचल, न्हाईतर म्हनंल तानीनं बुडवलं!"

दगड थांबले. मनकर्णा पत्रा धरून बसली. तिला वाटलं, आता ते परत फिरतील. आणि मग पुन्हा एक दगड आला. तो कुणाचा होता हे तानुबाईनं सांगितलं नाही. तिनं मान आत घेतली आणि सुनेच्या कुशीला डोकं टेकवलं.

गाडीला हिसका बसला. उघडी पुढची चाकं चिखल चहूकडे उडवत फिरू लागली. मुंजाजी काचेपुढे उभ्या राहिलेल्या मातीतून वाट शोधत होता. फाटलेलं उजवं मडगार्ड तिथेच रानात राहिलं. माणसं नाला ओलांडतायत का ते मनकर्णानं पत्र्याच्या कडेतून बघितलं. दोघं पाण्यात उतरले होते. मग बांध आडवा आला आणि दिसेनासे झाले. डांबरी लागेपर्यंत तिनं मडगार्ड खाली ठेवलं नाही. डांबरी लागल्यावरही नाही. शेवटी तानुबाईनंच तिची बोटं एकेक करून सोडवली.

जिनच्या फाटकात व्यंकटराव शेठ उभे होते. गाडीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. हौद्यात पडलेल्या मडगार्डावर वाकून त्यांनी खळग्यांवरून बोट फिरवलं.

"दुसरं कुठंय?"

"रानात."

"माझं नाव घेतलंस कुठं?"

मुंजाजी म्हणाला, "घेतलं. फाट्यावर."

शेठनी रस्त्याकडे बघितलं. त्या गावांचा कापूस त्यांच्याच जिनमध्ये यायचा. मग त्यांनी स्वतः ताडपत्रीचं एक टोक उचललं. "आत घे गाडी. झाकून ठिव. पाऊस हाय." आणि जरा थांबून, मुंजाजीच्या उजव्या कानाशी, ज्यानं ऐकू येत नाही त्या कानाशी, म्हणाले, "कुनी इचारलं तर मी काय सांगू रे आता?"

मनकर्णानं ते ऐकलं. तिनं मुंजाजीला सांगितलं नाही.

घरी आल्यावर तानुबाईनं पाय धुतले, घर एकदा सगळीकडून बघितलं, आणि दाराला आतून कडी लावून कडीवर हात ठेवून उभी राहिली. वस्तीचं पुढे काय झालं ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. सिताराम बातमी आणायला गेला होता, तो आला नव्हता. मुंजाजी भिंतीला टेकून बसला होता. बाहेर कुणी चालत गेलं की दोघी बायका एकदम दाराकडे बघत. त्यांनी बघितलं की तोही बघे.

"बाई," तो एकदाच म्हणाला, "कुनी आलं का?"

"कुणी नाही. तुम्ही झोपा."

मनकर्णानं दिवा जवळ ओढला, वही काढली, तारीख घातली. पेन कागदावर टेकलं आणि शाईचा ठिपका पसरला. काय लिहायचं ते तिला लवकर सुचेना. मग तिनं लिहिलं:

शुक्रवार, ४ ऑगस्ट १९७८. दिवसभर पाऊस. आत्याबाई आल्या. घरात बाज एकच आहे. बाजेवर आत्याबाई, आम्ही दोघं खाली. जमिनीला ओल आहे म्हणून सतरंजीखाली पोतं टाकलं.